टॅनकचा पंखा

फर्गस : बादली भरली की सांग, लोर्ना. गाडीपर्यंत उचलून देतो.

लोर्ना : राहू दे. रोज माझी मीच नेते. आज बागमालक स्वतः टपरीवर? घरी सगळं ठीक ना?

फर्गस : या पेटीवर काय लिहिलंय ते तुला वाचता येतं.

लोर्ना : न यायला काय झालं? 'फळं घ्या, पैसे टाका, देव बघतो आहे.' तुझ्या आईचं अक्षर. रंग उडाला की ती पुन्हा गिरवते.

फर्गस : मग पैसे का टाकले नाहीस? मी ट्रॅक्टरमागे उभा राहून बघत होतो.

लोर्ना : बरं केलंस. देवाला तेवढीच सुट्टी.

फर्गस : ही चोरी आहे.

लोर्ना : चोरी कसली? मी आगाऊ भरलेत. गेल्या मार्चपासून जूनपर्यंत, आठवड्याच्या आठवड्याला. तूच काढून घेतलेस. आठवत नसेल तर तुझ्या हिशेबनिसाला विचार.

फर्गस : ख्रिसमसपासून बघतोय मी. सकाळी टपरी भरायची, दुपारी ती रिकामी, आणि पेटीत खडखडाट. सायकलवरून येणारे परके लोक टाकून जातात तेवढंच. माझ्या वडिलांनी ही पेटी ठोकली तेव्हापासून तिला कुलूप लागलेलं नाही. या खोऱ्यातल्या माणसाने एक जर्दाळू फुकट नेला असं कधी झालं नाही.

लोर्ना : परक्यांपर्यंत तुझी कीर्ती अजून पोचलेली नाही.

फर्गस : कॅमेरा लावणार आहे मी.

लोर्ना : लाव की. चांगला मोठा लाव. शाळेची हेडमास्तरीण दिसेल, पोस्टातला आयव्हर दिसेल. पाद्रीबाई दिसतील. त्या तर दोन टोपल्या नेतात आणि जाताना तुझ्यासाठी प्रार्थना करून जातात. सगळं खोरं तुरुंगात घाल. मग कोर्टातला शिपाईसुद्धा तुला बाहेरून मागवावा लागेल.

फर्गस : एवढ्या जर्दाळूंचं करतेस तरी काय? घरात तू एकटी.

लोर्ना : जॅम. शोनाकडे चार बाटल्या दिल्या, नोलीनकडे चार. ज्यांची ज्यांची नावं तू सरकारला कळवलीस, त्या सगळ्याजणींच्या पावाला सध्या तुझाच जॅम आहे. बरा लागतो. पण तू काही बादलीभर फळांसाठी ट्रॅक्टरमागे लपला नव्हतास, फर्गस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? बोल काय ते.

फर्गस : गुरुवारी पाऊस सांगितलाय.

लोर्ना : ऐकलं रेडिओवर.

फर्गस : वरचा सगळा पट्टा पिकून तयार आहे. देठापर्यंत रंग चढलाय. त्यावर पाऊस पडला की फळ तडकणार, तडकलं की कुजणार. वानुआटू बेटांवरचे गडी यंदा नाहीत, साथीमुळे देशाच्या सीमाच बंद आहेत. पाठीला पिशव्या लावून हिंडणारे परदेशी नाहीत. मी एकटा, आणि तो म्हातारा ट्रॅक्टरवाला. आम्ही किती तोडणार?

लोर्ना : फार वाईट झालं.

फर्गस : तू फोन फिरवलास तर उद्या सकाळी सगळ्याजणी येतील. दर वर्षी तूच फिरवतेस.

लोर्ना : फिरवायचे.

फर्गस : दुप्पट देतो. रोजच्या रोज, हातात.

लोर्ना : हातात? मोठी सुधारणा झाली. मागच्या खेपेला आमचा पगार तू तुझ्याच हातात दिला होतास.

फर्गस : मग एकदा काय ते तोंडावर बोल. सहा महिने नुसती कुजबुज ऐकतोय. मी दुकानात शिरलो की सगळे गप्प. कुणी शिवी देत नाही, कुणी जाब विचारत नाही. नुसते दुधाच्या बाटल्या निरखत उभे राहतात.

लोर्ना : तोंडावर ऐकायचंय? बस त्या क्रेटवर. लॉकडाऊन लागला. तू शेडच्या दारात उभा राहिलास आणि आम्हा अकराजणींना म्हणालास, बायांनो, हंगाम संपला, शेड बंद, घरी सुखरूप राहा. आम्ही गेलो. जाताना शोनाने तुझ्यासाठी घरी भाजलेला केक ठेवला होता. त्याच आठवड्यात तू सरकारला कळवलंस, की या अकराजणी माझ्याकडे बारमाही कामाला आहेत, यांचा पगार द्यायला मला पैसे द्या. सरकारने दिले. बारा आठवड्यांचे, एकरकमी. खरं की खोटं?

फर्गस : सगळेच घेत होते.

लोर्ना : घेत होते आणि माणसांना देत होते. त्यासाठीच होते ते. तू नुसतं घेतलंस.

फर्गस : तुला त्या मार्चमधलं आठवतं का? कुणाला कशाचा पत्ता होता? सफरचंदं जहाजावर चढतील की नाही, बंदर चालू राहील की नाही. बँकेचा माणूस दिवसाआड विचारायचा. हिशेबनीस म्हणाला, अंदाज सांगा, नुकसान होईल असं वाटतंय ना, मग झालं. सरकारने कागद मागितला नाही, पुरावा मागितला नाही. विश्वासावर देत होते.

लोर्ना : या पेटीसारखे.

फर्गस : मी देणार होतो तुम्हाला.

लोर्ना : कधी? आमच्या मयताला?

फर्गस : मनात होतं.

लोर्ना : मनातलं खाऊन कुणाचं पोट भरत नाही. आता माझं ऐक. एप्रिलमध्ये मी मदतीसाठी सरकारी कचेरीत फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या आदल्या रात्री मला झोप नाही, माझ्या आईने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता. तासभर कानाला ते संगीत. मग एक पोरगी आली, गोड बोलणारी. म्हणाली, बाई, तुमचा पगार तर चालू आहे, तुमचा मालक देतोय. मी म्हटलं, घोटाळा तुमच्याकडे असेल, फर्गस टॅनक तसला माणूस नाही. त्याच्या बापाकडे कामाला होते मी.

फर्गस : लोर्ना...

लोर्ना : थांब, पुढे आहे. ती म्हणाली, मग चौकशी लावू का त्यांच्यावर? मी म्हटलं, नको गं, तो बिचारा आधीच काळजीत असेल. असं म्हणाले मी. बिचारा. फोन ठेवला आणि आजतागायत पुन्हा लावला नाही. पुढे शोनालाही तेच उत्तर मिळालं, तेव्हा माझे डोळे उघडले. तुझ्या लबाडीचा आळ माझ्यावर आला तो आला, वर मीच तुझी वकिली केली.

फर्गस : तू मला फोन करायचास.

लोर्ना : मी? तुला? म्हणजे ज्याने खिसा कापला त्यालाच विचारायचं, बाबा रे, माझं पाकीट कुठे पडलेलं दिसलं का?

फर्गस : मला काय माहीत तुझ्यावर एवढी वेळ आलीय.

लोर्ना : माहीत करून घेतलंस का? जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, नळातलं पाणी गोठत होतं. विल्फची छाती तुला ठाऊक आहे, गारठा सोसत नाही त्याला. लाकडं घ्यायला पैसे नव्हते. शेवटी त्याला इन्व्हरकार्गिलला लेकीकडे पाठवला. म्हटलं, वसंत आला की ये. वसंत येऊन गेला. तो फोनवर म्हणतो, इथं बरं आहे, ऊबदार आहे. अठ्ठावीस वर्षांचा संसार, फर्गस, आणि नवरा लेकीच्या हीटरपाशी राहिला. मी काय म्हणणार त्याला? ऊब कुणाला नको असते?

फर्गस : लाकडं मागितली असतीस तर दिली असती.

लोर्ना : ते तर विचारूच नकोस. त्याच महिन्यात तू जुना जर्दाळू उपटलास आणि माळावर ढीग घालून पेटवून दिलास. आठवडाभर धूर माझ्या खिडकीत. अख्ख्या रस्त्याचा हिवाळा निघाला असता त्या लाकडात. मी काच लावून घेतली. वास मात्र यायचाच, गोड वास, जर्दाळूच्या लाकडाचा.

फर्गस : नवीन लागवड करायची होती.

लोर्ना : आणि पंखा घ्यायचा होता.

फर्गस : हो, घ्यायचा होता. खालच्या अंगाला एकाने बाग मोडली, त्याचा गारठा हटवणारा मोठा पंखा निम्म्या किमतीत मिळत होता. परवा घेतो म्हटलं असतं तर दुसऱ्याने नेला असता. त्याच्या आदल्या वसंतात गारठ्याने निम्मा मोहर जाळला होता, तुझ्यासमोर. तुम्हाला त्या उन्हाळ्यात काम कमी मिळालं ते त्यामुळेच. मी म्हटलं, आज यांना पैसे वाटले तर बारा आठवडे पुरतील, पंखा घेतला तर दर वर्षी यांच्या हाताला काम राहील. असा विचार केला मी. लुटायचं म्हणून नाही केलं.

लोर्ना : आमच्या पैशांनी आमचं भलं करायचं ठरवलंस, आणि आम्हालाच सांगायला विसरलास.

फर्गस : ऑक्टोबरमध्ये नऊ रात्री गारठा पडला. शेजारच्या बागा काळ्या पडल्या. माझं एक फूल गळलं नाही. तो पंखा नसता, तर आज तुला चोरायलासुद्धा जर्दाळू नसते.

लोर्ना : त्या रात्री मी जागी होते. सगळं खोरं जागं असतं तो लागला की. हेलिकॉप्टर छपरावर येऊन थांबल्यासारखं वाटतं. बाकीचे उशी कानावर घेतात. मी पडल्या पडल्या ऐकायचे, आणि मनात यायचं, ही माझी मजुरी फिरतेय. वरची ऊबदार हवा खाली ओढून टॅनकच्या फुलांना घालतेय. आणि मी दोन स्वेटर घालून एकटी.

फर्गस : मी काय करू म्हणतेस? पैसे सरकारला परत केले तर तुला त्यातलं काय मिळणार? काही नाही.

लोर्ना : मला मिळावं म्हणून कुठे म्हणाले मी?

फर्गस : मग तुला हवंय काय? मी बुडावं हेच ना? बुडतोच आहे. गुरुवारी पाऊस आला की बाग गेली. खूश?

लोर्ना : खूश नाही. मला पिकलेलं फळ कुजताना बघवत नाही, मग ते तुझं का असेना. पण मी फोन फिरवणार नाही. शोनाला मी कोणत्या तोंडाने सांगू, चल त्याच्याकडे?

फर्गस : तू अशी बोलतेस, जशी काही मी निवडून निवडून तुम्हा गरीब बायकांचीच नावं घातली. तसं नाही. सगळ्यांना सारखं धरलं मी. घरचंसुद्धा नाव घातलंय.

(टपरीमागच्या पायवाटेने एल्स्पेथ टॅनक काठी टेकत आल्या आहेत. वय ब्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. रोज दुपारी त्या इथे खुर्ची टाकून बसतात हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. भांडणाच्या भरात त्यांच्या मुलालाच तेवढा विसर पडला.)

एल्स्पेथ : घरचं म्हणजे कुणाचं, फर्गस?

फर्गस : आई, तू या उन्हात कशाला आलीस?

एल्स्पेथ : रोज येते. घरचं नाव म्हणजे कुणाचं? घरात तू आणि मी. तू तर मालक.

फर्गस : आपण घरी बोलू.

एल्स्पेथ : लोर्नाला सांगत होतास ना? मग मलाही इथेच सांग.

फर्गस : तुझं.

एल्स्पेथ : मी काय काम करते इथे?

फर्गस : शेडमध्ये फळ निवडतेस. म्हणजे, तसं कळवलं.

एल्स्पेथ : अधूनमधून?

फर्गस : पूर्ण वेळ.

एल्स्पेथ : गेल्या मार्चमध्ये मी ड्युनेडिनला हॉस्पिटलात होते. खुबा बदलला माझा. तुला भेटायलासुद्धा आत सोडत नव्हते. आणि मी इथे पूर्ण वेळ फळ निवडत होते?

फर्गस : तेवढं कुणी विचारलं नाही.

एल्स्पेथ : आणि माझं पेन्शन चालू होतं ते?

फर्गस : तेही नाही विचारलं.

लोर्ना : मिसेस टॅनक, देवाशपथ, तुमचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर असं रस्त्यावर बोलू दिलं नसतं त्याला.

एल्स्पेथ : बाकीचं तुला ठाऊक होतं. आणि तू इतके महिने मला बोलली नाहीस.

लोर्ना : काय बोलणार होते? तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुमच्याच हातचे स्कोन खायचे आणि तुमच्या मुलाचं सांगायचं?

एल्स्पेथ : म्हणून तू यायची बंद झालीस. मला वाटलं, विल्फ गेल्यापासून तुझं मन लागत नसेल. मी तुझ्यासाठी प्रार्थना करत होते, बाई. भलत्याच कारणासाठी.

फर्गस : आई, बस जरा. खुर्ची आणतो.

एल्स्पेथ : उभी आहे ती बरी आहे. फर्गस, गॅरेजवाल्या केल्विनला मी चर्चच्या दारात काय म्हणाले होते?

फर्गस : आता तो विषय कशाला?

एल्स्पेथ : काय म्हणाले होते?

लोर्ना : म्हणालात, आजारी देशाच्या उशाखालून पैसे काढणारा माणूस माझ्या गाडीत पेट्रोल भरणार नाही. मी तिथेच होते. सगळेच होतो.

एल्स्पेथ : त्याची बायको रडली होती. पुढच्या महिन्यात त्याने सगळे परत केले. तरी मी त्याच्याशी बोलत नाही. पेट्रोलला दहा मैल लांब जाते. आणि तेव्हा हा माझ्या शेजारी उभा होता, माझा कोट हातात घेऊन.

फर्गस : तेव्हा सांगायला हवं होतं. नाही जमलं.

एल्स्पेथ : सगळं चर्च तोंडावर हात धरून होतं. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा वचक. ते हसत होते, लोर्ना?

लोर्ना : काहीजण हसत होते. बाकीच्यांना तुमची कीव येत होती.

एल्स्पेथ : कीव. बरं. ती तोडणीची पिशवी काढ रे. ती, खिळ्याला आहे ती. गळ्यात घालायचे पट्टे जरा आखूड कर, मी आता पूर्वीएवढी उंच राहिले नाही.

फर्गस : कशाला?

एल्स्पेथ : माझ्या नावाने मजुरी उचललीस. तिचा पंखा झाला. आता काम नको करायला?

फर्गस : वेड लागलंय का तुला? डॉक्टरांनी काय सांगितलंय? तो खुबा...

एल्स्पेथ : नवा आहे, चालेल. शिडी नको मला. रस्त्याच्या कडेची ही ओळ पुरे, हिच्या फांद्या हाताला येतात. तुझ्या वडिलांनी मुद्दाम खाली छाटल्या होत्या, माझ्यासाठी.

लोर्ना : थांबा, मिसेस टॅनक. मी येते तुमच्याबरोबर. फळं मी तोडते, तुम्ही नुसत्या उभ्या राहा.

एल्स्पेथ : तू जागची हलायचं नाहीस. तुला पगार मिळालेला नाही, तू कशाला राबायचंस? ज्याला मिळालाय त्याने राबावं. तू तुझी बादली घेऊन घरी जा.

फर्गस : लोर्ना, सांग ना तिला. तुझं ऐकेल ती.

लोर्ना : तुझ्या कामगाराला मी कोण सांगणार?

फर्गस : आई, मी सगळे परत करतो. सगळ्यांच्या नावाचे. आजच कळवतो कचेरीला. पंखा विकतो, हवं तर वरचा पट्टाही विकतो.

एल्स्पेथ : करायचेच आहेत. ते तुझं काम झालं. हे माझं आहे, तू मध्ये येऊ नकोस. लोर्ना, हे बघ गं, एवढा रंग चालतो का? चष्मा घरी राहिला.

लोर्ना : तो राहू द्या अजून. त्याच्या डावीकडचा घ्या. हां, तो. ओढू नका, नुसता वर उचला, सुटतो. आणि काठी सोडू नका.

फर्गस : तू तिला शिकवतेस? गुरुवारी पाऊस येणार आहे, अख्खी बाग उभी आहे, आणि माझी आई एकेक जर्दाळू तोडतेय. एक फोन, लोर्ना. तिच्यासाठी तरी कर.

लोर्ना : तिच्यासाठी मी इथे उभी आहे. संध्याकाळपर्यंत उभी राहीन, आणि तिला घरापर्यंत सोडून मग जाईन. फोन नाही.

फर्गस : आणि पाऊस?

लोर्ना : पडेल.

एल्स्पेथ : फर्गस, ते रिकामं क्रेट इकडे सरकव. पिशवी जड होण्याआधी ओतावी लागेल.

फर्गस : सरकवतो. पण मागच्या ओळीला चल. हात जोडतो तुला. इथे फाटकापाशी नको. त्या बघ, दोन गाड्या थांबल्यात. माणसं उतरून उभी राहिलीत.

एल्स्पेथ : राहू देत उभी. मी कामावर आहे.